ग्रेट लेक्सवरची मालजहाजं कशी बघायची आणि त्यात काय भरलंय ते कसं ओळखायचं

मिशिगनमधली आपली मंडळी वीकेंडला नायगारा करतात, शिकागो करतात, मॅकिनॉ आयलंडला जाऊन फज आणतात, पण घरापासून तासाभरावर जे रोज चालू असतं ते बघायला फारसं कोणी जात नाही म्हणून हे लिहितोय. डेट्रॉइटहून पोर्ट ह्युरनला जा, ब्लू वॉटर ब्रिजच्या जवळ नदीकाठी फोल्डिंगची खुर्ची टाका, थर्मासमध्ये चहा घ्या आणि थांबा. तिथे लेक ह्युरनचं सगळं पाणी एका अरुंद नदीत शिरतं, त्यामुळे हजार फूट लांबीचं जहाज तुमच्यासमोरून इतक्या जवळून जातं की इंजिनाची धडधड आधी छातीत जाणवते आणि मग कानाला ऐकू येते. हजार फूट म्हणजे मुंबईच्या १२ डब्यांच्या लोकलपेक्षा लांब आणि १५ डब्यांच्या लोकलपेक्षा जरासं कमी, आणि हे सगळं समुद्रात नाही तर तळ्यात, समुद्र तिथून शेकडो मैल लांब आहे.

मी सिंधुदुर्गातला, रेडीच्या बाजूचा. लहानपणी खाणीच्या ट्रकांनी रस्त्याकडेची झाडं लाल झालेली असायची, आणि बंदरात बार्जमध्ये माल भरून तो बाहेर खोल पाण्यात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजावर चढवायचे. गोव्यात मांडवी आणि झुआरीतून जाणाऱ्या बार्ज तर खूप जणांनी बघितल्या असतील. त्यामुळे इथे आल्यावर जेव्हा कळलं की समोरून जाणाऱ्या या जहाजातपण लोखंडाचंच खनिज आहे तेव्हापासून मी ह्याच्यात अडकलो, आता आठ वर्षं झाली. फोटो काढायला खूप लोक येतात आणि तेही चांगलंच आहे, पण खरी मजा जहाज वाचण्यात आहे. म्हणजे ते कुठून आलं, कुठे चाललंय, भरलंय का रिकामं, आणि ते पोचल्यावर कुठला कारखाना चालणार आहे. हे काठावर बसल्या बसल्या ओळखता येतं.

आधी थोडा भूगोल डोक्यात बसवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाच तळी आहेत, सुपीरियर, मिशिगन, ह्युरन, ईरी आणि ओंटारिओ. एकटं सुपीरियर महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं आहे. ही तळी पायऱ्यांसारखी आहेत, सुपीरियर सगळ्यात वर, तिथून पाणी ह्युरनमध्ये येतं (मिशिगन आणि ह्युरन एकाच पातळीला आहेत, मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने जोडलेले), मग पोर्ट ह्युरन आणि डेट्रॉइटवरून ईरीत, मग नायगारावरून ओंटारिओत आणि शेवटी सेंट लॉरेन्स नदीतून समुद्रात. समुद्राच्या दिशेने जाणाऱ्या जहाजाला इथे डाउनबाउंड म्हणतात, सुपीरियरच्या दिशेने जाणाऱ्याला अपबाउंड. हे दोन शब्द पहिल्या दिवशी पाठ करा, काठावर बसलेले म्हातारे लोक हीच भाषा बोलतात. आणि अजून एक, एवढ्या अवाढव्य जहाजाला ते शिप म्हणत नाहीत, बोट म्हणतात. तळ्यांमध्येच फिरणाऱ्या बोटीला लेकर आणि समुद्रातून आलेल्या परदेशी जहाजाला सॉल्टी.

जायच्या आधी फोनवर मरीन ट्रॅफिकसारखं एखादं ॲप टाका. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचा ट्रान्समीटर असतो, त्यावरून नाव, वेग, दिशा आणि बऱ्याचदा पुढचं बंदर दिसतं. बोटनर्ड ही साइट तर खास याच तळ्यांसाठी आहे, तिथे कुठलं जहाज कुठे भरतंय त्याच्या बातम्या मिळतात. बोट येऊन गेल्यावर पोचलो असं होऊ नये म्हणून मी घरून निघतानाच बघतो की लेक ह्युरनमध्ये खाली येणारं कोण आहे, आणि ते पुलापासून दोन तासांवर असताना गाडी काढतो. एक लक्षात ठेवा, बंदराचं नाव जहाजावरची माणसं हाताने टाकतात त्यामुळे ते कधीकधी मागच्या फेरीचं राहून गेलेलं असतं. आणि ॲप सगळं सांगतं पण पोटात काय आहे ते सांगत नाही, ते आपण शोधायचं.

तर बोट दिसली की पहिल्यांदा बघा ती पाण्यात किती बुडालीय. पुढच्या टोकाला आणि मागे फुटाचे आकडे रंगवलेले असतात, दुर्बीण असेल तर सरळ वाचता येतात. भरलेली बोट पाण्याला टेकल्यासारखी सपाट दिसते, बाजूची भिंत जेमतेम वर असते. रिकामी बोट उंच दिसते आणि तिचं नाक वर उचललेलं असतं, कारण पंखा आणि सुकाणू पाण्यात राहावं म्हणून मागच्या बाजूला बॅलास्टच्या टाक्यांमध्ये जास्त पाणी भरतात. पोर्ट ह्युरनला डाउनबाउंड बोट बहुतेक वेळा भरलेली आणि अपबाउंड बहुतेक वेळा रिकामी असते, कारण खाणी वर आहेत आणि भट्ट्या खाली आहेत. अपबाउंड असूनही खोल बसलेली बोट दिसली तर मात्र नीट लक्ष द्या, ती काहीतरी वेगळं घेऊन चाललीय.

या बुडण्याचंच सगळं गणित आहे. सुपीरियर ४०६ मीटर खोल आहे पण त्याचा बोटीला काही उपयोग नाही, कारण मधल्या नद्यांमधला खोदलेला मार्ग साधारण २७ फूटच खोल आहे आणि माल तेवढ्याच हिशोबाने भरावा लागतो. तळ्याची पातळी एक इंच खाली गेली तर हजार फुटी बोटीला सुमारे २७० टन माल कमी घ्यावा लागतो. एक इंच! म्हणून इथले कप्तान आणि गोदीवाले पाण्याची पातळी अशी बघतात जसे आपल्याकडे लोक कोयनेची पातळी बघतात.

मग आकार बघा. डेकवर बसवलेला लांबच लांब लोखंडी हात दिसला, साधारण अडीचशे फुटाचा, तर ती सेल्फ अनलोडर. हे तळ्यांवरचं सगळ्यात हुशार काम आहे असं माझं मत. बोटीच्या पोटाचा तळ घसरगुंडीसारखा उतरता असतो, त्याच्या खाली दारं असतात, दारं उघडली की माल खालच्या कन्व्हेयरच्या पट्ट्यावर पडतो, पट्टा तो वर आणतो आणि मग तो हात, त्याला बूम म्हणतात, बाजूला फिरवून किनाऱ्यावर माल ओतायचा. किनाऱ्यावर ना क्रेन लागते ना मजूर, नुसती मोकळी जागा असली तरी चालतं. मोठ्या बोटी तासाला दहा हजार टनापर्यंत उतरवतात. याच्याआधी ह्युलेट नावाची अजस्र यंत्रं होती, १८९९ साली ओहायोतल्या कॉनिऑटला पहिलं बसवलं, ती चमच्याने उकरल्यासारखी पोटातून खनिज काढायची आणि बादलीच्या टोकाला आत बसून माणूस ते चालवायचा. सेल्फ अनलोडर आल्या आणि ती गेली.

बूम नाही, नुसतं सपाट डेक आणि झाकणं, तर बहुतेक कॅनडाची धान्याची बोट. डेकवर क्रेन उभ्या असल्या आणि नाव परदेशी असलं तर सॉल्टी. मागे टगबोट खाचेत घट्ट बसवून पुढे बार्ज ढकलत असेल तर तो टग-बार्ज प्रकार, तो हल्ली बराच वाढलाय. आणि कप्तानाची केबिन अगदी पुढे आणि इंजिन मागे असं दिसलं तर ती जुनी बोट, ती दिसली की उभे राहून बघा कारण तशा आता थोड्याच उरल्यात. गोडं पाणी असल्यामुळे लोखंड समुद्रासारखं खात नाही, त्यामुळे इथे बोटी सत्तर-ऐंशी वर्षं टिकतात. अल्पीना नावाची सिमेंटची बोट १९४२ सालची आहे.

हजार फुटी बोटी एकूण १३. पहिली स्ट्युअर्ट जे कॉर्ट, १९७२ ची, आणि १३ मध्ये पुढे केबिन असलेली ती एकटीच. सगळ्यात लांब पॉल आर ट्रेगुर्था, १०१३ फूट ६ इंच, १९८१ ची. एका वेळी ६८ हजार टन नेते. शंभर टनाचा एक डबा धरला तर जवळपास ७०० रेल्वे वॅगनचा माल एका बोटीत! या तेरा बोटी कधीच समुद्र बघत नाहीत कारण नायगाराला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्यात ७४० फुटांपेक्षा लांब बोट मावत नाही. ईरीच्या खाली त्यांना रस्ताच नाही. आणि अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर १९२० च्या जोन्स कायद्यानुसार बोट अमेरिकेतच बांधलेली आणि अमेरिकन लोकांची लागते, म्हणून नवीन बोटी फार कमी बनतात. २०२२ मध्ये मार्क डब्ल्यू बार्कर आली तेव्हा काठावरच्या लोकांनी सण असल्यासारखं तिचं स्वागत केलं, कारण १९८३ नंतर अमेरिकेत बांधलेली ती पहिली लेकर.

आता मुख्य गोष्ट, पोटात काय आहे. इथे निघालेलं बंदर आणि पोचायचं बंदर यांची जोडी लावायची, नव्वद टक्के वेळा उत्तर येतं.

टू हार्बर्स, सिल्व्हर बे, ड्यूलुथ, सुपीरियर (हे विस्कॉन्सिनमधलं गाव, तळ्याच्याच नावाचं) किंवा मार्केटहून निघाली असेल आणि गॅरी, बर्न्स हार्बर, इंडियाना हार्बर, क्लीव्हलँड असं कुठेतरी चालली असेल तर पोटात टॅकोनाइटच्या गोळ्या. मिनेसोटाच्या मेसाबी रेंजमध्ये आधी इतकं चांगलं खनिज होतं की खणलं की सरळ भरायचं. दुसऱ्या महायुद्धात ते भराभर संपत आलं आणि उरला टॅकोनाइट नावाचा कडक दगड ज्यात लोखंड पंचवीस-तीस टक्के. मिनेसोटा विद्यापीठात ई. डब्ल्यू. डेव्हिस नावाच्या प्राध्यापकांनी कित्येक वर्षं त्याच्यामागे घालवली, दगड पिठासारखा बारीक दळायचा, लोहचुंबकाने लोखंड वेगळं काढायचं आणि मातीत मिसळून गोट्यांएवढ्या गोळ्या वळून भाजायच्या. साधारण तीन टन दगडातून एक टन गोळ्या, आणि त्यात लोखंड ६५ टक्क्यांच्या आसपास. सिल्व्हर बेचा कारखाना १९५५ च्या सुमारास सुरू झाला आणि दगडाचा उरलेला चुरा कित्येक वर्षं थेट सुपीरियरमध्ये टाकत होते, कोर्टात लांबलचक खटला होऊन १९८० मध्ये ते बंद झालं. हे मी मुद्दाम सांगतो कारण खाणीचं पाणी आणि चिखल म्हणजे काय हे गोवा-सिंधुदुर्गातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बाबा इथे आले होते तेव्हा ड्यूलुथच्या एका दुकानातून मी त्यांना या गोळ्यांची पिशवी घेऊन दिली. ते बराच वेळ एक गोळी बोटात फिरवत बसले होते, म्हणाले, आपल्याकडे नुसता भुसा जायचा रे जहाजात, सगळं उडायचं.

रॉजर्स सिटी, स्टोनपोर्ट, पोर्ट इनलँड, सीडरव्हिल यातलं काही असेल तर चुनखडी. रॉजर्स सिटीची कॅल्साइट खाण जगातल्या सगळ्यात मोठ्या चुनखडीच्या खाणींमध्ये धरतात आणि तिथे खाण बघायला आणि बंदर बघायला दोन वेगळ्या जागा ठेवल्यात, उन्हाळ्यात मुलांना जरूर न्या. चुनखडी ब्लास्ट फर्नेसमध्ये (खनिजातून लोखंड काढायच्या भट्टीत) लागते, गोळ्यांमधली वाळूमाती ती ओढून घेते आणि मळी म्हणून वर येते. शिवाय रस्ते आणि सिमेंट आहेच. स्टील म्हणजे खनिज, कोक (भाजून तयार केलेला कोळसा) आणि चुनखडी, आणि या तिन्ही गोष्टी पाण्यावरून स्वस्तात एका जागी आणता येतात म्हणूनच गॅरी, क्लीव्हलँड, हॅमिल्टन, डेट्रॉइट ही स्टीलची गावं तळ्याकाठी उभी राहिली. एक टन माल एका गॅलन इंधनात बोट साधारण ६०० मैल नेते, ट्रक त्याच्या जवळपासही येत नाही. आपल्यापैकी किती जण इथे गाड्यांच्या कंपन्यांमध्ये आहेत, दरवाजाचा पत्रा, बंपर, चासी याची ड्रॉइंग रोज बघतात. त्या पत्र्याचं पहिलं गाव मेसाबी आहे आणि तो पहिला प्रवास या बोटीतून करतो.

गॉडरिच (हे ओंटारिओत, लेक ह्युरनच्या काठी) असेल तर मीठ. जमिनीखाली साधारण १८०० फूट, थेट तळ्याच्या तळाखाली खाण आहे आणि ती जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण मानतात. हे खायचं मीठ नाही, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते. जानेवारीत तुमच्या गाडीवर पांढरा थर चढतो ना, तो बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुठल्यातरी बोटीतून आलेला असतो. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी मिठाच्या फेऱ्या वाढलेल्या दिसल्या की समजायचं.

थंडर बे असेल तर कॅनडाच्या प्रेअरीमधला गहू किंवा कॅनोला, खाली क्यूबेकच्या बंदरांपर्यंत जातो आणि तिथे समुद्री जहाजांवर चढतो. येताना त्याच बोटी क्यूबेककडून लोहखनिज भरून हॅमिल्टनसारख्या ठिकाणी आणतात, म्हणजे त्या अपबाउंड असूनही भरलेल्या असतात, पण हॅमिल्टन ओंटारिओ तळ्याच्या काठी असल्यामुळे हा माल पोर्ट ह्युरनला दिसत नाही. अल्पीनाहून (हे मिशिगनमधलं गाव, त्या बोटीच्याच नावाचं) सिमेंट, ते उघड्यावरून ओतलं तर उडून जाईल म्हणून हवेच्या दाबाने पाइपातून काढतात. कोळसा वायोमिंगहून रेल्वेने सुपीरियरला येतो आणि तिथून वीजकेंद्रांना जातो, पण तो आता दरवर्षी कमी होत चाललाय आणि पुढच्या काही वर्षांत बघायला मिळेल का सांगता येत नाही, त्यामुळे सेंट क्लेअर नदीत कोळशाची बोट दिसली तर फोटो काढून ठेवा.

पोर्ट ह्युरन जमलं की पुढची पायरी सू लॉक्स. डेट्रॉइटहून पाच-साडेपाच तास लागतात, रात्री मुक्काम करा. सुपीरियर आणि ह्युरनच्या पातळीत तिथे २१ फुटांचा फरक आहे आणि बोट लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेल्या हौदात, घेऊन पाणी भरून किंवा सोडून तिला वरखाली करतात, पंप अजिबात नाही, सगळं पाण्याच्या उताराने. अमेरिकेच्या बाजूचं पहिलं लॉक १८५५ चं. गॅरी आणि बर्न्स हार्बरला जाणाऱ्या बोटी इथून मॅकिनॉवरून मिशिगनमध्ये वळतात त्यामुळे त्या पोर्ट ह्युरनला कधी दिसतच नाहीत, इथे दिसतात. पार्कमध्ये उंच प्लॅटफॉर्म आहे, फुकट आहे, आणि बोट इतकी जवळ येते की डेकवरच्या माणसाशी बोलता येतं. हजार फुटी बोट १०५ फूट रुंद आणि इथलं सगळ्यात मोठं लॉक, पो लॉक, ११० फूट, म्हणजे दोन्ही बाजूला अडीच-अडीच फूट! तेवढ्यात ती बोट घालणाऱ्या कप्तानाला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. आणि त्या तेराही बोटी फक्त पो लॉकमधूनच जाऊ शकतात, शेजारचं मॅकआर्थर त्यांना लहान पडतं, त्यामुळे पो बिघडलं तर अमेरिकेचं स्टील अडकलं. तसलंच दुसरं लॉक बांधायला १९८६ मध्ये मंजुरी मिळाली पण काम सुरू व्हायला २०२० उजाडलं, आता जुन्या डेव्हिस आणि सेबिन लॉकच्या जागी ते चाललंय आणि २०३० पर्यंत व्हायचंय. एवढ्या महत्त्वाच्या कामाला तीस-पस्तीस वर्षं पैसे मिळू नयेत याचं मला अजून वाईट वाटतं. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी इंजिनिअर्स डे असतो, त्या दिवशी लॉकच्या भिंतीवरून चालत जाता येतं, जमलं तर तोच दिवस धरा.

ड्यूलुथ लांब आहे, मिनेसोटावाल्यांना सोपं. कॅनल पार्कला जा, लिफ्ट ब्रिज उचलला जातो आणि बोट तुमच्या शेजारून आत येते. तिथे मरीटाइम सेंटर आहे, तेही फुकट. वेळ असेल तर ड्यूलुथहून दीड तासावर हिबिंगला हल-रस्ट खाण बघून या, तीन मैलांहून लांब खड्डा, कठड्याजवळ उभं राहिलं की खालचे डंपर खेळण्यातले वाटतात. पण ड्यूलुथच्या धक्क्यावर वादळी हवेत चालत जाऊ नका, कितीही लोक जात असले तरी नाही. १९६७ साली तिथे लाटेने तीन भाऊ ओढून नेले आणि त्यांना शोधायला गेलेला कोस्ट गार्डचा जवानपण गेला. तळं आहे म्हणून हलकं घेऊ नका. नोव्हेंबरमध्ये इथे जे वारे सुटतात त्यात १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झजेराल्ड ही ७२९ फुटांची बोट साधारण २६ हजार टन गोळ्यांसकट सुपीरियरमध्ये बुडाली, २९ जणांपैकी एकही वाचला नाही. ती डेट्रॉइटच्या झग आयलंडला चालली होती. तिची घंटा १९९५ मध्ये वर काढली, व्हाइटफिश पॉइंटच्या म्युझियममध्ये ठेवलीय. सू लॉक्सला गेलात तर तिथून दीड तास आहे, शांतपणे जाऊन या.

कधी जायचं तर एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत कधीही. सू लॉक्स १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात, तेव्हा बोटी स्टर्जन बे, टोलीडो, ड्यूलुथ अशा ठिकाणी दुरुस्तीला बांधून ठेवतात. मला स्वतःला मार्चचा शेवट आवडतो, बर्फ फोडणारं मॅकिनॉ जहाज पुढे आणि मागे हंगामाची पहिली बोट, थंडी जबरदस्त असते, दोन मोजे घाला. रात्री थांबलात तर दिवे बघा, लाल दिवा दिसला तर बोटीची डावी बाजू तुमच्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी.

आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना हात हलवायला सांगा, दोन्ही हात, जोरात. कप्तानाने बघितलं आणि त्याला वेळ असला तर तो सलाम देतो, तीन लांब भोंगे आणि दोन छोटे. माझी मुलगी सहा वर्षांची असताना पहिल्यांदा तिला तो मिळाला, पोर्ट ह्युरनला, संध्याकाळी, बोट पुलाखालून जाऊन दिसेनाशी झाली तरी ती हात हलवतच होती.